डाय कास्टचा डबा कसा निवडायचा, त्याला भोकं कशी पाडायची आणि पावसात तो कसा टिकवायचा

खानापूरच्या वर जांबोटी, कणकुंबीकडं ज्यांचं शेत आहे त्यांना पाऊस काय असतो ते सांगायला नको, वरून तर पडतोयच पण वाऱ्याबरोबर आडवा पण येतोय आणि घरातल्या भिंतीसुद्धा दोन दोन महिने ओल्या असतात. तिथं पंपाच्या मोटारीचा मोबाईल स्टार्टर म्हणा, म्हणजे फोनवरून मोटार चालू बंद करणारं यंत्र, टाकीचा लेव्हल कंट्रोलर म्हणा, साध्या प्लास्टिकच्या डब्यात घालून भिंतीला मारला की पहिलं वर्ष बरं जातंय, दुसऱ्या उन्हाळ्यात झाकण कडक होऊन कोपऱ्यात तडकतंय, आणि मग जुलैमध्ये फोन येतो की दादा मोटार आपोआप चालू व्हायलीय नाहीतर बंदच होईना. उघडून बघितलं की आत मुंग्या, पालीची अंडी आणि सर्किटच्या बोर्डावर हिरवट गंज. मी बेळगावात उद्यमबागच्या बाजूला असले छोटे कंट्रोलर बनवून द्यायचं काम करतो, आणि प्लास्टिक सोडून डाय कास्ट अल्युमिनियमच्या डब्यावर आल्यापासून माझे निम्मे फोन कमी झालेत. निम्मेच का, तर उरलेल्या निम्म्यात डब्याची चूक नव्हती, माझी होती. डबा गळत नाही, आपण त्याला पाडलेलं भोक गळतंय. हे समजायला मला दोन पावसाळे लागले म्हणून इथं सगळं नीट लिहायलोय.

आधी हा डबा म्हणजे काय ते बघू. आपल्याकडं ओतकाम म्हटलं की वाळूचा साचा आणि बीड डोळ्यासमोर येतंय, कारण बेळगावात फाउंड्र्याच तेवढ्या आहेत. डाय कास्टिंग त्यापेक्षा वेगळं. इथं साचा वाळूचा नसतो, पोलादाची डाय असते, तिच्यात वितळलेलं अल्युमिनियम मोठ्या दाबानं ढकलतात, काही सेकंदात ते घट्ट होतंय, डाय उघडते आणि आतल्या पिना जॉबला, म्हणजे ओतलेल्या डब्याला, बाहेर ढकलतात. नवीन डब्याच्या आत जे गोल गोल छाप दिसतात ते त्या पिनांचे, तो डिफेक्ट नाही, बरेच जण ते बघून डबा परत द्यायला निघतात. दाबानं भरत असल्यामुळं भिंत पातळ ठेवता येते, दोन ते तीन मिलीमीटर, आणि एकाच डायमधले शंभर डबे मापाला सारखे निघतात. आतले स्क्रूचे खांब, गॅस्केटची म्हणजे झाकणाखालच्या रबराची खाच, सगळं एकाच फटक्यात ओतून येतंय, वेल्डिंगचा जोड नाही की घडीची फट नाही.

यात एक गोष्ट अशी आहे की जी नवीन माणसाला हमखास फसवते. जॉब डायमधून सुटून यावा म्हणून भिंती अगदी सरळ नसतात, एक दोन अंशाचा उतार दिलेला असतो. म्हणजे डबा तोंडाकडं रुंद आणि बुडाकडं थोडा अरुंद. मी एकदा वरचं माप घेऊन वीस बोर्ड बनवून आणले आणि एक पण बुडापर्यंत जाईना, मग बसून कानशीनं कडा घासल्या, त्यात तीन बोर्डांचे ट्रॅक, म्हणजे तांब्याच्या रेघा, तुटले. तेव्हा बोर्डाचं माप नेहमी जिथं बोर्ड बसणार त्या उंचीवर घ्यायचं, आणि कोपऱ्यातले खांब सोडून घ्यायचं.

धातू कुठला ते पण विचारा, दुकानदाराला माहीत नसेल तर बनवणाऱ्याचा कागद मागा. प्रेशर डाय कास्टमध्ये जास्त करून एडीसी १२ नाहीतर एलएम २४ नावाचा अल्युमिनियमचा मिश्रधातू असतोय, दोन्हीत थोडं तांबं असतंय, ओतायला चांगलं, मजबूत, पण उघडं ठेवलं तर ओलीत आणि खाऱ्या हवेत डाग धरतंय, म्हणून त्यावर पावडर कोटिंग पाहिजेच. एलएम ६ मध्ये सिलिकॉन १० ते १३ टक्के असतंय आणि तांबं नावाला, ते गंजाला जास्त टिकतं. गोवा, कारवारकडं समुद्राजवळ माल जाणार असेल तर मी एलएम ६ च मागतो. जस्ताचे पण डाय कास्ट डबे येतात, नक्षी बारीक आणि फिनिश सुंदर, पण त्याच मापाचा डबा अल्युमिनियमच्या जवळजवळ अडीच पट जड भरतोय, हातात घेतल्यावरच कळतंय. अॅनोडायझिंग करून चकाचक रंग मिळंल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, एवढ्या सिलिकॉनच्या धातूवर अॅनोडायझिंग काळपट, डागाळलेलं येतंय, पावडर कोटिंगच बरं.

दुकानात डबा हातात घेतल्यावर मी काय बघतो ते सांगतो. झाकण काढून काचेच्या काउंटरवर उपडं ठेवायचं आणि कोपरे दाबायचे, डुगडुगलं तर झाकण वाकडं आहे, गॅस्केट सगळीकडं सारखं दाबलं जाणार नाही. मग गॅस्केटच्या खाचेतून नख फिरवायचं, ब्लोहोल, म्हणजे ओतताना राहिलेलं हवेचं भोक, असलं तर नख अडकतंय. नंतर झाकणाचे स्क्रू बघायचे, हे सगळ्यात महत्त्वाचं, स्क्रूची भोकं गॅस्केटच्या बाहेरच्या बाजूला पाहिजेत. स्क्रू आतल्या बाजूला असले तर पाणी स्क्रूच्या आट्यांमधून सरळ आत जातंय, मग गॅस्केट कितीही भारी असूदे. गॅस्केट एकसंध पाहिजे, चार तुकडे जोडलेलं नको, आणि स्पंजपेक्षा दोरीसारखं भरीव सिलिकॉनचं चांगलं. गिटारच्या पेडलला वापरतात ते छोटे डबे, साधारण ११२ बाय ६० बाय ३१ मिलीमीटरचे, त्यांना गॅस्केटच नसतंय, ते घरातल्या कामाला एकदम उत्तम पण पावसाचं काम त्यांचं नाही.

डब्यावर आयपी ६५ वगैरे लिहिलेलं असतंय. पहिला आकडा धुळीचा, ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही. दुसरा पाण्याचा, ५ म्हणजे पाइपच्या फवाऱ्याला टिकतो, ६ म्हणजे जोराच्या फवाऱ्याला, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी आत पाणी नाही. उघड्यावर भिंतीला मारायचा असेल तर ६५ पुरतंय, विहिरीच्या काठावर, नाहीतर दूधगंगा, वेदगंगेच्या काठाला जॅकवेलजवळ, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरीजवळ, जिथं पूर यायची शक्यता आहे तिथं आकड्याच्या भरवशावर राहू नका, डबा उंचावरच घ्या. आणि हा आकडा भोक न पाडलेल्या डब्याचा असतो बरं का. पहिलं भोक पाडलं की तो आकडा टिकवायची जबाबदारी आपली.

प्लास्टिक सोडून हा डबा घ्यायचा कशाला, तर फक्त मजबुतीसाठी नाही. उंदीर कुरतडत नाही हा आपल्या गावाकडं मोठाच फायदा आहे, पण त्याहून मोठा फायदा म्हणजे धातूचा बंद डबा आतल्या सर्किटला बाहेरच्या विजेच्या गोंगाटापासून वाचवतो. मायकेल फॅरेडेनं १८३६ मध्ये दाखवलेला पिंजरा तो हाच. साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं उदाहरण घ्या, चिकोडी, अथणी, रायबागकडं उसाच्या गाड्या काट्यावर येतात, काट्याखालच्या लोडसेलमधून, म्हणजे वजन मोजणाऱ्या सेन्सरमधून, येणारा सिग्नल फक्त काही मिलीव्होल्टचा असतो, आणि चार सहा लोडसेलच्या वायरी एका जंक्शन बॉक्समध्ये येऊन मिळतात. जवळ मोटारी, ड्राइव्ह, वॉकीटॉकी, सगळं चालू. तो बॉक्स प्लास्टिकचा असला आणि वायरीची जाळी नीट जोडलेली नसली तर आकडा नाचतोय, आणि आकडा नाचला की शेतकऱ्याचं पोट दुखतंय, ते बरोबरच आहे, वर्षभराचा ऊस असतो तो. म्हणून तिथं डाय कास्ट नाहीतर स्टेनलेसचाच बॉक्स. गणपतीत साउंडवाले कीबोर्ड आणि मिक्सरच्या मध्ये सिग्नल जुळवायला जो डीआय बॉक्स लावतात तो पण धातूचाच असतो, स्टेजवर कुणी पाय दिला तरी चालतंय आणि लायटिंगच्या डिमरची भुणभुण कमी येते. एवढं मात्र लक्षात ठेवा की जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र अल्युमिनियम विशेष अडवत नाही, तिथं अंतर ठेवणं हाच उपाय.

याच गुणाची दुसरी बाजू म्हणजे मोबाईलचा अँटेना डब्यात ठेवून चालत नाही. मोबाईल स्टार्टरवाले इथं चुकतात, बोर्ड टेबलावर चालतो, डब्यात घालून झाकण लावलं की नेटवर्क गायब, मग सिम बदलतात, कंपनी बदलतात. अँटेना बाहेरच पाहिजे, एसएमएचा, म्हणजे अँटेनाचा छोटा स्क्रूवाला, पॅनेल कनेक्टर रबर वॉशरसकट डब्याच्या खालच्या बाजूला बसवायचा आणि अँटेनाची वायर तिथून वर न्यायची.

आता भोकं. डबा वाइसमध्ये धरताना दोन्ही बाजूला लाकडाच्या पट्ट्या घाला, नाहीतर कोटिंग जातंय आणि जास्त आवळलं तर भिंत तडकते, ओतलेला धातू पत्र्यासारखा वाकत नाही, सरळ फुटतो. डब्यावर मास्किंग टेप चिकटवून त्यावर पेन्सिलनं आखायचं, सेंटर पंचानं हलका टोला, मोठा हातोडा नको. आधी तीन मिलीमीटरचं भोक, मग स्टेप ड्रिल, म्हणजे पायऱ्या पायऱ्यांनी जाड होत जाणारं ड्रिल. अल्युमिनियम ड्रिलला चिकटतं, म्हणून रॉकेलचे दोन थेंब नाहीतर डब्ल्यूडी ४० मारत जायचं आणि मधेमधे ड्रिल वर उचलून चुरा झटकायचा. गॉगल घाला, हातमोजे मात्र फिरत्या ड्रिलजवळ घालू नका, ते अडकतात. भोक झालं की आतून बाहेरून बर, म्हणजे कडेला राहिलेला धारदार धातू, काढायचा, गोल कानस फिरवली की झालं, बर राहिला तर ग्लँडचं, म्हणजे केबल घट्ट धरून पाणी अडवणाऱ्या बुचाचं, रबर कापलं जातंय आणि ते दिसत पण नाही. मग डबा उलटा करून चुरा झटकून, ब्रश फिरवून पूर्ण साफ करायचा आणि त्यानंतरच बोर्ड आत घालायचा. बोर्ड आत असताना भोक पाडणं हा शॉर्टला आमंत्रण देण्याचा प्रकार आहे, पाच मिनिटांचं काम वाचवायला जाऊन मी एकदा अख्खा रिले बोर्ड जाळलाय. आट्या पाडायच्या असल्या तर एम ३ स्क्रूला अडीच मिलीमीटरचं आणि एम ४ ला ३.३ चं ड्रिल. भिंत उगाच खोल खरवडू नका, कारण ओतकामाची वरची कातडी घट्ट असते आणि आत बारीक पोकळ्या असू शकतात, कातडी गेली की पाणी त्यातून पाझरतंय. वेल्डिंग तर नकोच, आत दबलेली हवा फुगून जोड स्पंजासारखा होतो.

भोकं नेहमी डब्याच्या खालच्या बाजूला. वर कधीच नाही, बाजूला सुद्धा नाइलाज असला तरच. आणि केबल ग्लँडमध्ये शिरायच्या आधी खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोळातून खाली टपकतं, ग्लँडपर्यंत येत नाही. ग्लँडचं माप केबलवरून ठरवायचं, मापाला पीजी म्हणतात, पीजी ७ ला साडेबारा मिलीमीटरचं भोक लागतंय, पीजी ९ ला १५.२ चं, पीजी ११ ला १८.६ चं, आणि पीजी ९ मध्ये साधारण चार ते आठ मिलीमीटर जाडीची केबल बसते. एका ग्लँडमधून एकच केबल, आणि ती पण गोल. तीन सुट्या वायरी एका ग्लँडमधून काढून वर एमसील थापलेले डबे मी रोज बघतो, तीन गोल वायरींच्या मधे फट राहणारच की. आणि आपल्या सबमर्सिबलची केबल चपटी असते, गोल ग्लँड तिला धरतच नाही. त्यामुळं चपटी केबल मोटारीच्या स्टार्टर पॅनेलमध्येच संपवा आणि तिथून कंट्रोलरच्या डब्यात गोल केबल आणा. कॉन्टॅक्टर, मोटारीचा तीन फेजचा करंट, हे सगळं त्या मोठ्या पॅनेलमध्येच राहूदे, या छोट्या डब्यात फक्त इलेक्ट्रॉनिक्स. जास्तीचं भोक पडलं असेल तर त्याला रबरवाला स्टॉप प्लग मिळतो, तो लावा. सिलिकॉन लावायचंच असेल तर न्यूट्रल क्युअरचं घ्या, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना जी वाफ सोडतं ती बंद डब्यात तांब्याला खाते.

अर्थिंगबद्दल थोडं कडक बोलतो, राग मानू नका. धातूच्या डब्यात २३० व्होल्ट घेतले की त्याला अर्थिंग पाहिजे म्हणजे पाहिजेच, ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून डब्याला हात लावणारा आपलाच माणूस असतो. डब्याच्या आत एम ४ चा स्क्रू, त्याच्या बुडाखालचं कोटिंग पॉलिश पेपरनं खरवडून धातू चमकवायचा, कारण पावडर कोटिंगमधून करंट जात नाही, मग दातेरी वॉशर, कल्हई केलेली रिंग लग आणि हिरवी पिवळी वायर. कल्हईची अशासाठी की उघडं तांबं आणि अल्युमिनियम ओलीत एकत्र राहिले की अल्युमिनियम झिजतं, वर्षभरात पांढरी पावडर होते आणि अर्थिंग नावालाच उरतं. झाकणाला पण वेगळी छोटी वायर द्या, मधे रबर आणि कोटिंग असल्यामुळं झाकणाचा संबंध फक्त स्क्रूवर असतो. शेवटी मीटर लावून बघायचं, झाकणापासून अर्थिंगच्या टोकापर्यंत एक ओहमच्या आत आलं पाहिजे. आणि हे सगळं करताना मेन बंद, नुस्ता स्विच नाही, फ्यूज काढून खिशात. लाइटचं काम येत नसेल तर एवढा भाग वायरमनकडून करून घ्या.

उष्णता हा दुसरा मोठा फायदा. प्लास्टिकच्या मानानं हे अल्युमिनियम शेकडो पट चांगली उष्णता वाहून नेतं, म्हणजे अख्खा डबाच हीटसिंक, उष्णता बाहेर टाकणारा. बारा व्होल्टवरून ७८०५ या रेग्युलेटर आयसीनं पाच व्होल्ट काढून अर्धा अँपिअर घेतला तर साडेतीन वॅटची उष्णता होते, मोकळ्या हवेत हीटसिंकशिवाय तो आयसी तग धरत नाही, भिंतीला आवळला की हात लावण्याइतपत राहतो. ७८०५ चा पत्रा ग्राउंडला जोडलेला असतो म्हणून सरळ आवळला तरी बऱ्याच सर्किटमध्ये चालतंय, पण एलएम ३१७ या दुसऱ्या रेग्युलेटर आयसीचा पत्रा म्हणजे त्याचं आउटपुट, तिथं मायकाचा तुकडा आणि प्लास्टिकचा बुश घालायलाच लागतो. पण हीच उष्णता उलटी पण येते. एप्रिलमध्ये पश्चिमेच्या भिंतीला काळा डबा लावला तर दुपारी आतलं सगळं भाजून निघतं. रंग फिका घ्या आणि वर एक पत्र्याची छोटी पडवी करा, तिनं ऊन आणि पाऊस दोन्ही अडतात.

आणि एक गोष्ट जी मला सगळ्यात उशिरा कळली. अगदी घट्ट बंद डब्यात पण पाणी सापडतं. दिवसा डबा तापतो, आतली हवा फुगून कुठूनतरी बाहेर जाते, संध्याकाळी सर पडली की डबा एकदम गार होतो आणि ओली हवा आत ओढून घेतो, रात्री तिचं दव होऊन खाली साठतं. मी बिचाऱ्या गॅस्केटला दोष देत बसलो होतो. यावर उपाय म्हणजे खालच्या बाजूला ब्रीदर व्हेंट, ग्लँडसारखाच स्क्रूनं बसतो, हवा ये जा करते पण पाणी येत नाही. बोर्डाला कन्फॉर्मल कोटिंगचा, म्हणजे ओल अडवणाऱ्या पातळ थराचा, स्प्रे मारा आणि बोर्ड बुडापासून थोडा उचलून बसवा. सिलिका जेलची पुडी टाकली तर चांगलंच, पण ती दर पावसाळ्याआधी बदलायला लागते.

वडगाव, शहापूरच्या यंत्रमागवाल्यांना पाण्याचा त्रास नाही, कापसाच्या तुसाचा आहे. तिथं जाळीचा डबा नको, गॅस्केटवालाच घ्या, फॅन लावू नका, उष्णता भिंतीतून जाऊदे, आणि आठवड्याला डब्यावरची तूस पुसा नाहीतर तीच गोधडी होते.

कुठं हा डबा नको ते पण ऐका. चुन्याजवळ नको, दिवाळीला भिंती चुन्यानं रंगवताना डब्यावर चुना उडला की अल्युमिनियमला खातो, रंगवायच्या आधी पिशवी बांधा. खताच्या, ॲसिडच्या टाकीजवळ चांगल्या पॉलीकार्बोनेटचाच डबा बरा. आणि कारखान्याच्या डिस्टिलरीत, पेट्रोल पंपावर जे जाड फ्लेमप्रूफ डबे दिसतात ते पण ओतलेल्या अल्युमिनियमचेच असतात, एलएम ६ चे, पण त्यांना एक भोक सुद्धा आपण पाडायचं नाही. त्यांच्या झाकणाच्या जोडाची रुंदी आणि फट मोजून ठेवलेली असते, आत स्फोट झाला तरी ज्वाला बाहेर येताना विझावी म्हणून, आणि त्या डिझाइनला मंजुरी घेतलेली असते. भोक पडलं की मंजुरी पण गेली आणि माणसाची सुरक्षा पण.

सगळं झाल्यावर झाकण लावताना स्क्रू तिरके कोपरे धरून थोडे थोडे आवळा, एकच कोपरा आधी पूर्ण आवळला तर दुसरीकडं रबर उचलतं. ताकद लावू नका, अल्युमिनियमच्या आट्या पटकन मरतात. पण बोर्ड घालायच्या आधी एकदा तपासून बघा, रिकाम्या डब्यात वर्तमानपत्राचा तुकडा ठेवा, ग्लँडमध्ये केबलचे तुकडे घालून आवळा, डबा भिंतीवर जसा राहणार तसाच उभा धरा आणि बागेच्या पाइपनं सगळ्या बाजूंनी दहा मिनिटं पाणी मारा. बाहेरून पुसून उघडा. कागद कोरडा असला तर बोर्ड घाला, ओला असला तर डाग कुठल्या कोपऱ्याकडून आलाय ते बघा, जास्त करून तो ग्लँडच्याच बाजूचा असतो.